साधं राहणं छापाच्या किमतीत दिसलं पाहिजे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतलेत. जोडीदाराच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी तुम्ही पुण्याहून हवाईच्या मोठ्या बेटावर, हिलोला आलात. घरबसल्या व्हिडिओ बघून लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून ते कागदावर छापणं, शिकलात. मग व्होल्केनो आर्ट सेंटरमध्ये इथले छापचित्रकार डीट्रिक वारेझ यांचे छाप पाहिले आणि मनात घेतलं की आपणही जंगलात लहानसं घर बांधायचं, साधेपणानं राहायचं आणि ज्वालामुखीची देवी पेले आणि तिची बहीण हिइआका यांच्या कथा कोरायच्या. तीन ठसे तयार झाले. त्यांचे छाप बाजारात मांडले, तेव्हा इथल्याच एका वयस्कर बाईंनी विचारलं, "ही गोष्ट तुला कोणी सांगितली?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही आणि तुम्ही सगळं आवरून घरी आलात. आता तुम्ही विचारताय की प्रेस घ्यावा का, 50 छापांची मर्यादित आवृत्ती काढावी का, किंमत किती ठेवावी, आणि मुळात या कथा कोरण्याचा मला हक्क आहे का.

मी मूळची चिपळूणची. 21 वर्षं या बेटावर राहते आणि त्यातली 18 वर्षं लिनो कोरून विकते. कलाशाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे स्वतः शिकणाऱ्याची धडपड मला माहीत आहे. वारेझ यांच्याकडे शिकण्याची संधी मला कधी मिळाली नाही. मी शिकले ती त्यांच्या छापांपुढे उभी राहून. तुम्ही कदाचित ज्या भिंतीपुढे उभे होतात, तीच ती भिंत.

एक गोष्ट आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून असाल आणि तुम्हाला काम करण्याचा स्वतंत्र परवाना नसेल, तर बाजारात टेबल लावून विकणं हेसुद्धा काम धरलं जातं. एक टेबल काय आणि दुकान काय, फरक नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पुढच्या रविवारचा बाजार धरू नका. परवाना असेल किंवा ग्रीन कार्ड असेल, तर जनरल एक्साइज टॅक्सचा नंबर काढा. या बेटावर तो 4.5 टक्के आहे आणि तो नफ्यावर नसून विक्रीच्या पूर्ण रकमेवर बसतो. नवीन माणसाच्या हे लक्षात येत नाही आणि वर्षअखेरीस हिशेब चुकतो.

आता वारेझ. त्यांचं जगणं बाहेरून फार मोहक दिसतं. 1939 साली बर्लिनमध्ये जन्मलेला मुलगा, युद्धानंतर आईबरोबर हवाईत येतो, इथेच मोठा होतो, पुढे किलाउएआ ज्वालामुखीच्या कडेवरच्या व्होल्केनो हाउस हॉटेलात बारमागे उभा राहून काम करतो. कलेचं रीतसर शिक्षण नाही. लिनोलियमवर कोरू लागतो आणि रस्त्यापासून दूर, विजेच्या तारा पोचत नाहीत अशा पावसाळी रानात बायकोबरोबर घर करून आयुष्य काढतो. 2018 मध्ये ते गेले. त्याच वर्षी खालच्या पुना भागात लाव्हानं शेकडो घरं गिळली आणि हालेमाउमाउ विवराचा तळ खचला. पुना हे इथल्या जिल्ह्याचं नाव. तुम्ही पुण्याचे, तेव्हा पहिल्यांदा ऐकून तुम्हीही चमकला असाल.

या गोष्टीतलं रान सगळ्यांना दिसतं, नोकरीकडे कोणाचं लक्ष जात नाही. मला विचाराल तर बारमागची नोकरी हाच या गोष्टीचा पाया आहे. ज्याचं पोट छापावर अवलंबून नाही, तो छाप स्वस्त ठेवू शकतो. वारेझ यांनी आपले छाप मर्यादित आवृत्तीत अडकवले नाहीत. छापांवर 3/50 असे आकडे घातले नाहीत, किमती सामान्य माणसाला परवडतील अशाच ठेवल्या. म्हणून या बेटावर त्यांचे छाप शाळेच्या कचेरीत दिसतात, दातांच्या दवाखान्यात दिसतात, गॅरेजमध्ये कॅलेंडरशेजारी दिसतात. ज्यांच्या पूर्वजांच्या त्या कथा, त्यांच्या घरात ते पोचले. त्यांच्या साधेपणाचा अर्थ मी एवढाच लावते की खर्च कमी म्हणून किंमत कमी, आणि किंमत कमी म्हणून चित्र इथल्याच माणसांकडे जातं. रानात राहून 400 डॉलरचे छाप पर्यटकांना विकले, तर ते रान फक्त जाहिरातीपुरतं उरतं.

तेव्हा किमतीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, मी तो आधी घेते. माझा हिशेब उघड सांगते. माझा नेहमीचा छाप 20 बाय 28 सेंटिमीटरचा. कागद, शाई, पाठीमागचा पुठ्ठा आणि पाकीट धरून सव्वातीन डॉलर लागतात. हातानं घासून तासाला पाच छाप निघतात, त्यातला एखादा वाया जातो. कोरायला एका ठशाला मला 15 ते 40 तास लागतात. विकते 28 डॉलरला. व्होल्केनो गावातल्या रविवारच्या बाजारात चांगल्या दिवशी नऊ-दहा जातात, धो-धो पावसाच्या दिवशी दोन. दहा गेले तरी टेबलाचं भाडं, पेट्रोल, कर आणि सामान वजा जाता हातात साधारण 200 डॉलर राहतात. यात घरभाडं निघत नाही. म्हणून पहिली 11 वर्षं मी पहाटे साडेतीनला उठून एका बेकरीत काम करत होते आणि दुपारी कोरत होते. त्या नोकरीबद्दल मला कधी कमीपणा वाटला नाही. तिच्यामुळे मला 28 डॉलरचे 60 करावे लागले नाहीत.

तुमच्या घरात जोडीदाराचा पगार येतोय. ती तुमची बारमागची नोकरी समजा. दोघांनी बसून ठरवा की दोन वर्षं छापातून घरखर्च काढायचा नाही, सामानाचा खर्च तेवढा निघाला पाहिजे. ही मुभा प्रत्येकाला नसते. तुम्हाला असेल तर ती वापरा.

आणि रानात घर बांधायचं म्हणताय, त्याबद्दल थोडं. पुनातली जमीन स्वस्त दिसते त्याला कारण आहे. लाव्हाचा धोका सगळ्यात जास्त असलेल्या झोन 1 आणि 2 मध्ये घराचा विमा एकतर मिळत नाही, नाहीतर मिळतो तो फार महाग. पाणी छपरावरून टाकीत साठवायचं. सौर पॅनेल लावली तरी व्होल्केनोत आठवडाभर ऊन पडत नाही. आपण कोकणातल्या पावसाच्या गोष्टी सांगतो, पण चिपळूणचा पाऊस निदान दसऱ्याला थांबतो. हिलोत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि बाराही महिने पडतो. आधी कोणाकडे भाड्यानं एक वर्ष काढा. नोव्हेंबर ते मार्च तिथे राहून दाखवलंत आणि तरीही मन तिथेच राहिलं, तर मग जमीन बघा.

आवृत्तीचं उत्तर वरच्या हिशेबातून आलंच आहे, पण कारण सांगते. आकडे घालण्याची पद्धत पसरली तिच्यामागे एक तांत्रिक कारण सांगतात. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओढलेली रेघ छापागणिक झिजते, म्हणून पहिले छाप जास्त चांगले. लिनोचं तसं नाही. हातानं घासून छापलं आणि ठसा नीट पुसून, उन्हापासून दूर, सपाट ठेवला तर शेकडो छाप सारखे निघतात. म्हणजे 50 वर थांबण्याचं कारण ठशात नाही, ते बाजारात आहे. दुर्मिळ केलं की किंमत वाढते. ज्याला तसं करायचंय त्यानं जरूर करावं, त्यात खोटेपणा काही नाही. पण मग 50 म्हणजे 50. पुढे ठसा रद्द करायचा, आडवी चीर मारायची. मी खुली आवृत्ती छापते. खाली पेन्सिलीनं नाव आणि छापल्याचं वर्ष, बस. मागणी आली की वीस काढते. माझा पहिला विकला गेलेला ठसा 2009 चा आहे आणि तो अजून चालू आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. चित्तप्रसाद भट्टाचार्य आठवा. जन्म 1915 चा. बंगालच्या 1943 च्या दुष्काळाची चित्रं काढणारा हा माणूस पुढे मुंबईत अंधेरीला येऊन राहिला. तेही स्वतःच शिकलेले, पैशांची कायम ओढाताण, आणि लिनो हाती धरण्यामागचा हेतू हाच की चित्र एकाच श्रीमंताच्या भिंतीवर अडकू नये. त्यांचे छाप मुंबईत कधी बघायला मिळाले तर जवळून बघा. पांढरं किती ठेवायचं, काळं किती, हे मला तिथे कळलं.

प्रेस घेऊ नका. निदान आत्ता नको. नवीन माणूस छाप फिका आला की प्रेसच्या मागे लागतो, आणि नव्वद टक्के वेळा चूक शाईत असते. शाई एकदम जाड लावली जाते, बारीक रेषा बुजतात, मग घाबरून पातळ लावली जाते आणि मोठे काळे भाग ठिपक्या-ठिपक्यांचे येतात. रोलर काचेवर फिरवताना आवाज ऐका. शाई बरोबर पसरली की रेशमी कापड फाटल्यासारखा बारीक सळसळता आवाज येतो, चिकट फटफट आवाज आला तर जास्त आहे. ठशावर एकदम भरपूर लावण्यापेक्षा पातळ पाच-सहा थर द्या. कागद पातळ घ्या, 40 ते 60 जीएसएमचा जपानी पद्धतीचा तुतीचा कागद. त्याच्या पाठीतून शाई उमटताना दिसते, म्हणून कुठे घासायचं राहिलं ते कळतं. घासायला लाकडी चमचा घ्या, पाठ गुळगुळीत आणि फुगीर असलेला. माझा चमचा आमच्या घरातला भाताचा डाव आहे, आईनं दिलेला. बारेन, म्हणजे घासायची खास चकती, नंतर घ्या.

कोरताना लिनो कडक झाला असेल तर दहा मिनिटं उन्हात किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. पटाशीला धार हवीच. बोथट पटाशी घसरते आणि दुसऱ्या हातात घुसते. तो हात कायम पटाशीच्या मागे ठेवायचा. माझ्या डाव्या अंगठ्याखाली टाक्यांची खूण आहे ती याच चुकीची.

आता मुख्य गोष्ट. त्या बाईंचा प्रश्न.

तुम्हाला तो टोमणा वाटला. मला वाटतं त्यांनी तुम्हाला शब्दशः तेच विचारलं. पेले-हिइआकाची कथा एकच नाही. थोरली बहीण पेले धाकटीला, हिइआकाला, कौआई बेटावरून आपला प्रियकर लोहिआउ आणायला पाठवते आणि 40 दिवसांची मुदत घालते. हिइआका एकच अट घालते, माझ्या लेहुआच्या, म्हणजे ओहिआच्या फुलझाडांच्या, राया आणि माझी मैत्रीण होपोए यांना जपायचं. वाटेत अडथळे येतात, उशीर होतो, पेलेचा संशय पेटतो आणि ती राया जाळते, होपोएला जाळते. एवढा सांगाडा सगळीकडे सारखा. पण कोणत्या ठिकाणी काय घडलं, कोणता मंत्र म्हटला, शेवटी बहिणींचं काय झालं, हे घराण्यागणिक आणि जिल्ह्यागणिक बदलतं. 1860 च्या दशकापासून हवाईयन भाषेतल्या वर्तमानपत्रांत ही कथा क्रमशः छापून येत होती, वेगवेगळ्या लेखकांची, वेगवेगळ्या पाठांची. म्हणजे "कोणी सांगितली" याला खरं उत्तर असतं. अमक्या कुटुंबाची, तमक्या हुला, म्हणजे इथल्या पारंपरिक नृत्याच्या, शाळेची, त्या वर्तमानपत्रातली. तुमचं उत्तर "एका इंग्रजी पुस्तकात वाचली" असं असतं तरी चाललं असतं. गप्प राहून आवरून येणं तेवढं चुकलं.

दुसरी बाजूही समजून घ्या. पेले इथे पुराणातली देवी म्हणून मागे पडलेली नाही. तिला आपली पूर्वज मानणारी कुटुंबं आजही पुनात आणि शेजारच्या काउ जिल्ह्यात राहतात. विवराच्या काठी जाऊन तिच्यासाठी मंत्र म्हणतात. आणि याच लोकांची भाषा शाळेतून हद्दपार झाली होती. 1893 मध्ये राणी लिलिउओकलानींना पदच्युत केलं गेलं आणि 1896 च्या कायद्यानं शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. मुलांना शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल मार बसायचा, हे मी इथल्या आज्यांच्या तोंडून ऐकलंय. 1978 मध्ये हवाईयन पुन्हा राज्यभाषा झाली, 1984 मध्ये हवाईयन माध्यमाची पहिली पूनाना लेओ बालवाडी निघाली. ज्या कथा मधल्या काळात घरात कुजबुजत सांगाव्या लागल्या, त्या बाहेरचा माणूस टॉवेलवर छापून विकताना दिसला की माणसं विचारणारच.

मी ही चूक केली आहे. तिसऱ्या वर्षी मी पेलेचा एक मोठा ठसा कोरला. केस लाव्हासारखे वाहणारे, खांद्यावर गोंदणाची नक्षी. नक्षी सुंदर उमटली होती. बाजारात एक अंटी, इथे वयानं मोठ्या बाईला आदरानं असंच म्हणतात, बराच वेळ तो छाप बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही नक्षी कोणाची?" मी एका पुस्तकातून उचलली होती. ती मार्केसस बेटांची निघाली, हवाईची नव्हे. विचार करा, कोणी परदेशी माणूस विठोबा कोरतो आणि त्याच्या हातात बासरी देतो. रेषा कितीही छान असू देत, आपल्याला पहिल्यांदा काय दिसेल? कर कटेवरी नाहीत हेच दिसेल. तो ठसा मी पुन्हा छापला नाही. विकलेले अकरा छाप परत मागवता आले नाहीत, याची मला अजून बोच आहे.

त्या अंटींनी मला हाकललं नाही. त्यांनी मला पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगणात बोलावलं आणि कापा, म्हणजे झाडाच्या सालीचं कापड, दाखवला. तुम्ही छापचित्र करता आणि हवाईत राहता, तर कापा तुम्हाला माहीत असायलाच हवा. वाउके म्हणजे कागदी तुतीचं झाड. त्याची आतली साल सोलायची, भिजवायची, लाकडी ऐरणीवर कोरीव चौकोनी दांडक्यानं ठोकत ठोकत पसरवायची. शेवटच्या ठोकणीत दांडक्यावरची नक्षी सालीच्या अंगात उतरते, उजेडात धरली की कागदाच्या जलचिन्हासारखी दिसते. मग बांबूच्या चिंचोळ्या कांबीवर कोरलेले ठसे, ओहे कापाला, रंगात बुडवून ओळीनं उठवायचे. म्हणजे आपण ज्याला छापचित्र म्हणतो ते या बेटांवर युरोपची जहाजं येण्याआधीपासून होतं. आणि मी ज्या तुतीच्या कागदावर छापत होते त्याचं आणि वाउकेचं कूळ एकच. रंगांपैकी पिवळा त्यांनी मला दाखवला तेव्हा मी वासावरून ओळखला. ओलेना, म्हणजे आपली हळद. पॉलिनेशियन लोक होड्यांतून बरोबर घेऊन आले त्या मोजक्या रोपांतली ती एक. परक्या अंगणात बसून मला त्या दिवशी आजीच्या स्वयंपाकघराचा वास आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापा बनवणं जवळजवळ बंद पडलं होतं. 1970 च्या दशकापासून काही बायकांनी जुन्या तुकड्यांवरून, दांडक्यांवरून पुन्हा शोधून ते उभं केलं. कोणत्या नक्षीला हात लावायचा नाही, हे मी त्यांच्याकडे बसून शिकले. दोन वर्षं मी फक्त साल ठोकायला आणि पाणी आणायला जात होते.

हवाईतल्या छपाईचा दुसरा धागा तर थेट आपल्याकडे येऊन जोडला जातो. ज्या अमेरिकन मिशननं 1813 मध्ये मुंबईत पाय ठेवला आणि पुढे मराठी छपाई सुरू केली, त्याच संस्थेची माणसं 1820 मध्ये हवाईत उतरली आणि 1822 मध्ये इथे पहिली पानं छापली गेली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी मिशनच्या छापखान्यातलं कसब बघून 1831 मध्ये स्वतःचा छापखाना काढला. माउई बेटावर लाहाइनालुना शाळेतल्या हवाईयन मुलांनी 1830 च्या दशकात तांब्याचे पत्रे कोरून नकाशे आणि गावांची दृश्यं छापली. दोन्हीकडे बाहेरून आलेलं यंत्र इथल्या हातांनी आपलंसं केलं. हवाईयनमध्ये पुढे शंभराहून जास्त वर्तमानपत्रं निघाली. तुम्ही या बेटावर छापायला बसता तेव्हा अशा मोठ्या रांगेत शेवटी येऊन बसता, हे एकदा मनाशी धरलं की हात आपोआप जपून चालतो.

मग कोरायचं काय? माझं मत ठाम आहे, पण ते माझं आहे. पहिली पाच वर्षं देव-देवता कोरू नका. जे रोज डोळ्यांनी बघता ते कोरा. ओहिआचं झाड घ्या. लाव्हा थंड झाला की भेगेत पहिलं तेच उगवतं, केसाळ तांबड्या फुलांचं. त्याच्या खोडाची साल लिनोसाठीच केलेली आहे असं वाटतं. 2014 मध्ये या झाडांना मारणारी बुरशी ओळखली गेली आणि तेव्हापासून लाखो झाडं उभी वाळली. रानात जाताना-येताना बूट ब्रशनं घासा, स्पिरिटनं पुसा, आणि ठशासाठी ओहिआचं लाकूड गोळा करू नका. हापुउ नेचे घ्या, त्यांच्या कोवळ्या कोंबांचं वेटोळं. पाण्याची टाकी, छपरावरून पडणारी धार, बाजारातली तारोची, म्हणजे अळकुडीची, गड्डी. यांच्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, पण बघणं लागतं. वारेझ यांनीही अनेक दशकं या रानात काढली, लहानपणापासून याच बेटांवर वाढले. तुमचं दीड वर्ष झालंय.

दरम्यान भाषा शिका. हिलोच्या विद्यापीठात हवाईयन भाषेचं स्वतंत्र महाविद्यालय आहे, बाहेरच्यांसाठीही कुठे ना कुठे वर्ग चालतात. ईस्टरनंतरच्या आठवड्यात तुमच्याच गावात मेरी मोनार्क महोत्सव भरतो, राजा कलाकाउआंच्या नावानं. त्यांनी हुलाला पुन्हा दरबारात मान दिला होता. हुलाच्या स्पर्धा तिथे 1971 पासून होतात. तिकिटं मिळवणं कठीण असतं, टीव्हीवर बघा. कोणता हात कोणत्या शब्दाला कुठे जातो ते नीट बघा. ते हात नुसती शोभा नाहीत, तिथे शब्द आहे. चुकीचा हात कोरला तर तुमच्या चित्रातली बाई चुकीचं बोलते. पुढे कधी कोणी आपली कथा तुम्हाला दिली आणि "कोर" म्हणालं, तर पहिला छाप त्या घरी न्या, बाजारात न्यायच्या आधी. ते काही बदला म्हणाले तर बदला. आणि मागच्या बाजूला लिहा, ही गोष्ट कोणाकडून आली ते. मी दोनच कथा कोरल्यात 18 वर्षांत. दोन्हींच्या विक्रीतला तिसरा हिस्सा ज्यांनी त्या दिल्या त्या हुला शाळेला जातो.

आणि जे तीन ठसे तुम्ही कोरलेत ते फेकू नका. त्यांचा एकेक छाप घेऊन त्या बाईंना शोधा. बहुतेक पुढच्या रविवारी त्या तिथेच असतील. सांगा की मी या पुस्तकात वाचली, मला एवढंच माहीत आहे, यात चुकलंय काय ते सांगाल का? रिकाम्या हातानं जाऊ नका, केळी किंवा घरचं काही न्या. त्या सांगतील किंवा सांगणार नाहीत, तो त्यांचा अधिकार. पण तुमच्याकडे आता उत्तर असेल.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंत की छाप तीन-तीन आठवडे वाळत नाहीत आणि दोन कागदांवर काळे ठिपके आले. तेलाची शाई हवेतल्या ऑक्सिजननं सुकते. हिलोची हवा ओली, त्यात ठसठशीत जाड शाई, म्हणून वेळ लागतो. कोबाल्टचा ड्रायर टाळा, तो विषारी आहे आणि तुमचं सांडपाणी जमिनीतच मुरतं. त्यापेक्षा शाई पातळ लावा आणि छाप दोरीवर एकेक सुटे टांगून खोलीत पंखा फिरता ठेवा. माझे छाप अशानं साधारण आठ-दहा दिवसांत हाताला लागायचे थांबतात. रोलर आणि काच रॉकेलऐवजी स्वयंपाकाच्या तेलानं पुसा, मग साबण. ठिपके ही बुरशी आहे. एका पावसाळ्यात माझे 60 छाप असे गेले, कपाटात भिंतीला लागून ठेवले होते म्हणून. कागद आणि पूर्ण वाळलेले छाप घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, जमिनीपासून आणि भिंतीपासून वितभर दूर. पुड्या महिन्यातून एकदा ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत टाका. ठिपके पडलेले दोन कागद बाकीच्यांतून आजच बाजूला काढा.